कुंदाअक्कास, पाढे विसरलेल्या विष्णूकडून

अंबरनाथ (पश्चिम),
रविवार, दि. २९ मे १९८८

तीर्थस्वरूप कुंदाअक्कास,

धाकट्या विष्णूचा वाकून नमस्कार (कमरेला पट्टा आहे, तेव्हा जेवढं वाकवतं तेवढंच वाकून, उरलेला नमस्कार तुझ्या भावजयीने, वृंदाने, तिच्या वाट्यात घातला आहे). तुझा रक्तदाब कुठवर आला, मोतीबिंदू पिकला की अजून कच्चाच आहे, गच्चीवरच्या मिरच्यांना माकडांनी सोडलं का, हे सगळं सविस्तर कळव. माझी तब्येत उत्तम आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि ती इतकी उत्तम आहे हेच आपलं दुर्दैव असं वृंदा म्हणते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुझ्या कपाळाला आठी पडायला नको. या पत्रात मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही. ठाण्याच्या मुलींच्या वसतिगृहाच्या निवड समितीची तू अध्यक्ष आहेस आणि शिफारशीची चिठ्ठी घेऊन आलेल्याला तू पाणीसुद्धा न विचारता जिन्यावरून परत पाठवतेस, हे मला ठाऊक आहे. सख्ख्या नणंदेच्या नातीला पाठवलंस. तिथे तुझ्याच वर्गात बाकावर उभं राहून चौथी काढलेल्या भावाची काय कथा! तेव्हा हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे. निश्चिंत मनाने वाच.

गेल्या जूनमध्ये मी कारखान्यातून निवृत्त झालो हे तुला माहीत आहेच. चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढल्यावर माणसाच्या हाताला खोड लागते. समोर आलेली वस्तू मापात आहे की नाही हे पाहिल्याशिवाय जीव स्वस्थ बसत नाही. पहिला आठवडा मी घरातली दारं, खिडक्या आणि शेजारच्या कुंपणाचे खांब तपासले. दुसऱ्या आठवड्यात पोळ्यांकडे वळलो. सहा पोळ्यांच्या व्यासात पाऊण इंचाचा फरक निघाला आणि तशी नोंद करून मी चिठ्ठी पोळ्यांच्या डब्यातच ठेवली (तक्रार नव्हती, माहितीसाठी होती). वृंदाने दुसऱ्या दिवशी पोळ्या चौकोनी केल्या आणि तिसऱ्या दिवशी बंद पडलेला टेबलफॅन माझ्या हातात देऊन सांगितलं की हा दुरुस्त करून आणा आणि अजिबात घाई करू नका. (थांब जरा, नळाला पाणी आलेलं दिसतं.)

(आलो. पाणी शेजाऱ्यांच्या नळाला होतं. त्यांची टाकी वाहत होती ती बंद करून आलो, ते घरी नाहीत.)

तर फॅन घेऊन मी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये एका सिंधी दुकानदाराकडे गेलो. 'बैठो साईं, पाँच मिनट' असं तो म्हणाला आणि मी अडीच तास बाकावर बसलो. त्याच बाकावर मांडीवर भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ घेऊन एक गृहस्थ बसले होते. नाव कमळाकर. राहणं तिथेच कॅम्प एकला, नोकरी बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या अंगाला, डोंगरातल्या करवंदवाडीच्या शाळेत. पहिली ते चौथी मिळून एकतीस मुलं आणि गुरुजी एकटे. त्यांनाच शिकवायचं, त्यांनीच मतदारयाद्या करायच्या, गुरं मोजायची, नसबंदीच्या केसेस आणायच्या, आणि वेळ उरला तर शाळेचं घड्याळ दुरुस्तीला न्यायचं. चौथीचा निकाल तीन वर्षं शून्य. ते म्हणाले, मार्चमध्ये तपासणी आहे. या वर्षीही शून्य आला तर वाडीची शाळा बंद करून मुलांना ओढ्यापलीकडच्या पायथ्याच्या शाळेत घालणार. आणि ओढा तर चार महिने माणसाला उतरू देत नाही. म्हणजे मुलं पावसाळाभर घरी आणि मुली, एकदा घरी बसल्या की, कायमच्या घरी. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मलाच बसवेना. तीन वर्षं सगळाच्या सगळा माल बाद? अक्का, कारखान्यात पेटीतला एकूण एक नग बाद झाला तर आम्ही नगांना शिव्या घालत नाही. आधी आपलं मोजमापाचं हत्यार तपासतो. मी तिथल्या तिथे, फॅन विसरून, गुरुजींना शब्द दिला की पावसाळा सरला की आठवड्यातून तीन दिवस येतो. (शब्द द्यायला माझं काय जातं, असं वृंदा म्हणते. कमरेचा पट्टा त्यानंतरचाच.)

आता खरी गंमत अशी, की हत्यार तपासायचं हे तत्त्व बाकावर बसून सांगणारा मी, पहिल्याच दिवशी चाळीस प्रश्नांचा पुठ्ठा घेऊन वर गेलो. एसटीतून उतरून तासभर चढ. मुलं ठाकर आदिवासींची, काळीसावळी, तरतरीत, डोळे असे की पाखरू कुठल्या फांदीवर आहे ते तुझ्यामाझ्या आधी दिसावं. मी पंजा वर केला आणि विचारलं, ही बोटं किती? कुणी बोललं नाही. पाच आणि तीन किती? शांतता. तुझं नाव काय, हा तर मी घसरगुंडी म्हणून ठेवलेला प्रश्न होता. त्यालाही उत्तर नाही. सगळी मुलं माझ्याकडे टक लावून, थोड्या काळजीने पाहत होती. मी तीन आठवडे हेच केलं. लिमलेटच्या गोळ्या नेल्या. त्या त्यांनी खाल्ल्या आणि गप्प राहिली. एकदा चिडून ओरडलो, तर चौथीतली चंद्री म्हणून एक मुलगी उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. माझ्या वहीत एकतीस नावांपुढे एकतीस शून्यं पडली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उतरताना गुरुजी हळूच म्हणाले, 'साहेब, मला सात वर्षं झाली.' त्यांना बोलायचं होतं ते एवढंच, पण त्या एवढ्यात मी रस्ताभर जळत उतरलो.

त्यानंतर डिसेंबरात एक प्रकार घडला तो तुझ्यासारख्या पूज्य व्यक्तीला लिहावा की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. चढावर दम लागला म्हणून एका झुडपाच्या सावलीत टेकलो. वरून वाऱ्याने काहीतरी भुरभुरलं. दोन मिनिटांत मला अशी खाज सुटली, अशी खाज सुटली, की निवृत्त सिनिअर तपासनीस त्या पायवाटेवर सदरा काढून नाचत होता. (ही खाजकुयली. शेंगेवर मखमल असते. हात लावू नकोस; ठाण्यात नसते, पण तुझा काही नेम नाही.) तेवढ्यात मोळी घेऊन चंद्री आली. मी कळवळून विचारलं, 'अगं पोरी, हे काय झालंय? काय करू मी?' आणि इतके दिवस माझ्यापुढे मुकी राहिलेली मुलगी धो धो बोलायला लागली. पाणी लावू नको, पाण्याने पेटतं. खाजवू नको. शेण आण, ओलं, म्हशीचं नको, गाईचं. अंगभर लिंप, वाळू दे, चोळून काढ, पुन्हा लिंप. असं तीनदा. तिने मला थापलं, उन्हात उभं केलं, आणि वाळेपर्यंत वेळ जावा म्हणून समोरच्या डोंगरदांडावरची सागाची झाडं मोजून दाखवली. एकशे चौदा. त्यातली वनखात्याने खूण केलेली सत्तावीस, म्हणजे मागे राहणार सत्त्याऐंशी. तोंडी, अक्का! मी शेणात उभा राहून ऐकत होतो.

मी विचारलं, मग शाळेत का गं बोलत नाहीस? तर म्हणाली, 'तुला ठावं हाय ताच तू इचारतंस. बोटां तुझीच, तुलाच मोजता येत नाय का? ठावं असून इचारतंय तो एक तं टिंगल करतंय, नाय तं येडा झालाय. आय सांगते, दोनी वक्ताला गप बसावं.' हे तिने उद्धटपणे नाही सांगितलं, समजुतीने सांगितलं. त्यांच्या वाडीत कुणी कुणाला ठाऊक असलेलं विचारतच नाही. पाणी कुठं लागलं, रानडुक्कर कुठल्या अंगाने गेलं, हे ज्याला माहीत नाही तो विचारतो आणि ज्याला माहीत आहे तो सांगतो. आणि आपण शाळामास्तर लोक सकाळपासून दुपारपर्यंत दुसरं काही करतच नाही. खोटं वाटत असेल तर तुझी शाळेतली छत्तीस वर्षं आठवून बघ. (रागावू नकोस. मी माझीही चौतीस आठवली.) मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की शेण धुवायचं राहिलं आणि मी तसाच बदलापूर स्टेशनात आलो. माझ्याजवळ कुणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मला खरंच माहीत नाही तेच विचारायला लागलो. ती यादी फार मोठी निघाली. वरीला पाणी किती लागतं, मोहाची फुलं किती दिवस पडतात, एका मोळीत फाटे किती. मुलं बोलायला लागली आणि थांबेनात. पण तपासणीला येणारा साहेब मोहाची फुलं विचारणार नव्हता, सात साते विचारणार होता. आणि सात साते मला येतात हे मुलांना माहीत होतं. मला दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी वर गेलो, खुर्चीत बसलो, डोकं धरलं आणि सांगितलं की मुलांनो, नोकरी सुटल्यापासून माझे पाढे गेले. काही केल्या आठवत नाहीत.

अक्का, पुढचे दोन महिने मी जे भोगलं ते शत्रूला नको. मुलांनी मला शिकवायला घेतलं. पण शिकवायचं तर आधी यायला हवं, म्हणून ती गुरुजींच्या मागे लागली. गुरुजी सात वर्षांत पहिल्यांदा डबा खायचा विसरले. मी दोनाचा पाढा दोन दिवसांत म्हटला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून हुरळून तिनाचा लगेच म्हटला, तर मला बरं वाटतंय या समजुतीने ती रानात पळायला लागली. मग मला पुन्हा बिघडावं लागलं. मी चक्क तक्ता केला, कुठल्या आठवड्यात किती सुधारायचं आणि कुठे घसरायचं. बातमी वाडीत पसरली. लाकडं आणणाऱ्या बाया वाटेत अडवून 'बाबा, पाच सक?' विचारायच्या आणि मी चुकलो की डोक्यावरचा भारा न उतरवता तीस म्हणून शिकवायच्या (त्यांनी पोरांकडून पाठ केलेलं). वाडीतल्या गोमा भगताने कसलीशी मुळी माझ्या दंडाला बांधली, जी आंघोळीलासुद्धा काढायची नाही. पुढे ठमाबाई म्हणून वाडीतली एक म्हातारी बदलापूरच्या बाजारात वृंदाला गाठून रडली की बाय, तुझ्या घोवाचं डोकं गेलं, पन पोरं आनतील ताळ्यावर. वृंदाने तिला उसाचा रस पाजला आणि सांगितलं, पंचवीस वर्षं झाली, मला सवय आहे.

(उठून एक फेरी मारून आलो. या भागाला आलं की मला बसून लिहवत नाही.)

मार्चमध्ये विस्तार अधिकारी आले. नाव हरिचंद्र, आडनाव लिहीत नाही, तू जिल्ह्यातल्या सगळ्यांना ओळखतेस. घामाघूम, बूट चावलेला, सोबत शिपाई. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी फळ्यावरच्या सात या आकड्यावर बोट ठेवून, हा कोणता आकडा, असं विचारलं आणि एकतीस तोंडं मिटली. मला दिसलं, शाळा हातची चालली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीची शांती नव्हती, आणि तेच मला पाहवलं नाही. साहेब पाणी प्यायला ओसरीवर गेले तेवढ्यात मी मुलांना खुणेने गोळा केलं आणि सांगितलं की या बिचाऱ्या साहेबांनाही माझाच आजार आहे, माझ्याहून जास्त.

साहेब परत आले आणि म्हणाले, नऊ साते? एकतीस मुलं एका दमात म्हणाली, त्रेसष्ट. साहेब दचकले. त्यांनी बारा आठे विचारले, सांगितले. आठ नवे विचारले, सांगितले. प्रत्येक वेळी उत्तर ऐकून ते मान डोलवत गप्प राहायचे, आणि हे मुलांना बरं लक्षण वाटेना. मग चंद्री पुढे झाली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, 'तू बी म्हन. आठ नवा बहात्तर. म्हन ना. लाजू नको.' साहेबांना ते म्हणावं लागलं. तीनदा. बाकीची पोरं शाबास म्हणाली. शिपाई बाहेर जाऊन हसला. गोमा भगताला कुणीतरी आधीच निरोप पोचवला होता. तो मुळी घेऊन आला आणि साहेबांनी नको नको म्हणेपर्यंत ती दंडाला बांधून मोकळा झाला. साहेबांनी शेरा लिहिला तो गुरुजींनी उतरवून घेतला आहे: 'गणितात प्रगती उल्लेखनीय. शिस्त नाही. तपासणी अधिकाऱ्यास एकेरी संबोधण्यात आले. शाळेत एका निवृत्त इसमाचा वावर आढळला, खुलासा मागवावा.' खुलासा गुरुजी अजून लिहितायत. पण शाळा राहिली, अक्का. चौथीची सहा मुलं बसली होती, पाच पास झाली. चंद्री पहिली आली, आणि गणितात एक चूक केली ती सोडली तर माझ्या हातून गेलेल्या चौतीस वर्षांच्या मालात असा नग मी पाहिला नाही.

तर अशी इकडची हालहवाल. माझं पत्र वाचून तुला दोन घटका करमणूक झाली तरी भरून पावलो. मिरच्यांचं कळव.

तुझा, घरात आणि शाळेत दोन्हीकडे खुलासा देणं असलेला धाकटा भाऊ,
विष्णू

ता. क. – वाडीत चौथीच्या पुढे शाळा नाही. चंद्रीने तुमच्या वसतिगृहाचा अर्ज भरला आहे. मंगळवारी मुलाखत आहे, यादीत बेचाळिसावं नाव. हे केवळ कळवलं. मी काही मागणार नाही असं वर लिहिलंच आहे.

ता. क. २ – समितीत तुम्ही नाव, गाव आणि पाढे विचारता असं ऐकतो. ती बोलणार नाही. मग तुम्ही तिच्यापुढे शून्य लिहाल, जसं मी लिहिलं होतं, आणि ती जूनपासून आईबरोबर दुसऱ्याच्या शेतावर जाईल. म्हणून परवा तिला बाजूला घेऊन मी म्हटलं की ठाण्याच्या बाईंनाही सगळं विसरायला होतं. ती हसली. म्हणाली, 'बाबा, समद्यांचां कसां इसरतां? तुला पाढे येतात ता मला पयल्या दिसापासून ठावं हाय. चुकायच्या आंधी तू बरोबर आकडा ओठात म्हनतंस.' मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? तर, 'बाकीची पोरां बोलाय लागली व्हती ना.' दोन महिने मी तिला फसवत होतो असं मी धरून चाललो होतो. तिने माझं सोंग सांभाळलं आणि साहेबांपुढे स्वतःही वठवलं. आता म्हणते, वाडीसाठी केलं, माझ्यासाठी नाय करनार.

ता. क. ३ – मागतो. अक्का, तिला असं एखादं विचार, जे तुला खरंच ठाऊक नाही. तुला ठाऊक नाही असं काही शोधणं अवघड आहे हे मी साठ वर्षं धाकटा भाऊ म्हणून जाणतो. तरी सोमवारचा दिवस हाताशी आहे, शोध. जागा दे असं म्हणत नाही. बोलू दे, एवढंच.

ता. क. ४ – हे पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही. चंद्री आणि तिचा बाप नवसू यांनी आणलं आहे, आणि तू इतका वेळ वाचत होतीस तोवर ती दोघं तुझ्या जिन्यात उभी आहेत. तिचाही एक प्रश्न आहे. मला विचारला, मला उत्तर आलं नाही, आणि या वेळी सोंग नव्हतं. तुमच्याकडे शिकून मोठी झाले की मीबी ठावं असलेलांच इचारायला लागेन का, असं तिला जाणून घ्यायचं आहे. तुला सांगता आलं तर सांग. पण आधी तिला आत बोलाव आणि बस म्हण. सांगितल्याशिवाय ती बसायची नाही.